डावी कड

२६ ऑक्टोबर, रविवार

आज यमुताईनं माझ्या हातातून पोट्टं हिसकलं.

ही डायरी दुकानात कोण्या कंपनीनं दिलेली. दहा महिने कोरीच पडून होती. आज काढली, कारण हे बोलायचं कोणाजवळ? आमच्या यायच्याजवळ, म्हणजे नवऱ्याजवळ, बोललं त म्हणतात, "जाऊ दे नं वं." जाऊ कशी देऊ?

झालं असं. सोनिकाकडे, माझ्या पोरीकडे, नंदनवनले गेली होती. तिचा फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही, बावन्न पायऱ्या. निनाद माझ्या डाव्या कडेवर. अकरा महिन्याचा आहे माझा नातू. अन् मागून यमुताई, म्हणजे सोनिकाची सासू, माझी ईनबाई. दुसऱ्या माळ्याच्या वळणावर पोट्टं जराकसं सरकलं. जराकसंच. तेवढ्यात हिनं मागून हात घातला अन् ओढून घेतलं. निनाद लागला रडायले. वर पोचलो त सोनिका दारातच उभी. "काय झालं? काहून रडून राहिला हा?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणते, "काही नाही गं, मीच घेतला त्याला. राहवलं नाही मला."

मीच घेतला! ऐकलं का? मीच!

अन् घेतला तो घेतला, उरलेल्या पायऱ्या टणाटण चढली. चौसष्ट वर्षाची बाई. पदर सरकला तेव्हा दंड दिसला तिचा. बेटकुळी आहे, बाप्पा, दंडात! एक साल झालं जिमले जाते. मी तिच्याहून तीन वर्षानं लहान आहे.

खरी गोष्ट वेगळीच आहे. सोनिकाचं ऑफिस मिहानले, पार शहराबाहेर. आतापर्यंत घरूनच काम करत होती, आता दोन फेब्रुवारीपासून रोज जावं लागते. निनादजवळ दिवसभर एक आजी पाहिजे. मी म्हटलं, मी येते नं रोज, इतवारीतून किती दूर आहे? त सोनिकानं माझ्या मनगटाले हात लावला अन् म्हणे, "आई, तू किती बारीक आहे. तुले दम लागते. संक्रांतीपर्यंत पाहू." तिकडे यमुताई पोट्ट्याले घेऊन बाल्कनीत उभी, अन् कबुतरं दाखवून राहिली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बारीक आहे त आहे. सारी इतवारी मले विचारते, शोभाताई, तुम्ही खाता काय? लग्नातलं ब्लाऊज मले आजही होते. चाळीस वर्षाचं ब्लाऊज. माझ्या वयाच्या बाया एका जागी बसल्या त उठत नाहीत, अन् मी अठ्ठेचाळीसचा काटा कधी ओलांडला नाही. हे मी सगळ्याहिले सांगते. आज सांगून फसली.

यमुताईचा फोन आला. "शोभाताई, माझ्याबरोबर एकदा जिमला चला ना. बघा तरी." गोड बोलणं तिचं. म्हटलं, ठीक आहे, येते. पाहू दे तिले की बारीक कोणाले म्हणतात.

नंदनवनातच आहे, बायकांचीच जिम. उन्नती नावाची पोरगी शिकवते. तिनं अनवाणी एका मशीनवर उभं केलं, हातात दांडे दिले. मशीनीतून कागद निघाला. वजन सेहेचाळीस किलो. मी यमुताईकडे पाहिलं. ती पन्नास आहे. मंग उन्नती म्हणे, "काकू, चरबी चौतीस टक्के."

म्हटलं, "कोणाची?"

"तुमचीच."

मी! चरबी! अन् यमुताईची सत्तावीस! मी म्हटलं, मशीन बिघडली तुमची. त ती पोरगी समजावून राहिली, की काकू, तुम्ही बारीक आहे पण अंगात मांस कमी आहे, मांस झिजलं अन् त्या जागी चरबी बसली. तुम्हाले वजन कमी करायचंच नाही, उलट वाढवायचं आहे. जास्त खा, वजन उचला. रोज अंडं, पनीर, दही, चणे. नुसत्या वरणानं होत नाही.

यमुताई म्हणे, "माझं तर तुमच्यापेक्षा वाईट होतं हो. एकोणचाळीस."

आली मोठी सांगणारी. मी चप्पल घातली अन् ऑटो करून घरी आली. कागद फाडून टाकला. आकडे काही फाटत नाहीत, डोक्शातच आहेत.

२ नोव्हेंबर, रविवार

जिम गेली खड्ड्यात. मले माझी जिम सापडली.

आमचं दुकान भांड्याचं. आज माळ्यावरून एक जुना पितळेचा गुंड काढायले लावला. आमचे हे म्हणतात, "गिऱ्हाईक आहे का?" म्हटलं, मीच आहे. आजकाल गुंड घेते कोण? लग्नात देतात, तेही शोभेले. पण मी उमरेडकडची पोरगी आहे. बारा वर्षाची होती तेव्हा विहिरीवरून एक गुंड डोक्यावर अन् एक कडेवर आणत होती, वरून मैत्रिणीसंग खिदळत. ते मांस कुठं गेलं असेल?

निनाद डॉक्टरकडे नऊ किलो चारशे भरला, सोनिकानं सांगितलं होतं. दुकानाच्या काट्यावर गुंड ठेवला अन् लोट्यालोट्यानं पाणी टाकलं, बरोबर नऊ चारशे होईस्तोवर. डाव्या कडेवर घेतला. गच्चीवर पाच फेऱ्या. पाचव्या फेरीत गुंड कलंडला अन् अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

यायनं खालून आवाज दिला, "शोभा, काय करून राहिली वं?"

"झाडाले पाणी देऊन राहिली!"

गच्चीवर एक झाड नाही. पण त्याहिनं पुढं विचारलं नाही, चांगला माणूस आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मटण होतं. ताट वाढता वाढता माझा हातच थांबला. मी पीस कधी घेत नाही. सासू होती तेव्हापासूनची सवय, पीस माणसाहिले अन् पोराहिले, बायाहिले रस्सा अन् एखादं हाड. सासूले जाऊन वीस वर्षं झाले, पोरगा पुण्याले गेला, पोरीचं लग्न झालं. घरात दोनच जण, अन् मी अजून रस्साच खाऊन राहिली! काहून? कोणी सांगितलं नाही मले. यायनं कधी म्हटलं नाही की नको खाऊ. कधी खा असंही म्हटलं नाही.

आज चार पीस घेतले. मोठे. यायनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उन्नतीनं सांगितलं," म्हटलं.

"उन्नती कोण?"

"तुम्हाले काय करायचं? जेवा."

मंग त्याहिनं आपल्या ताटातला एक उचलून माझ्या ताटात टाकला. दात दुखले चावून चावून, पण खाल्ला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

निनादचा पहिला वाढदिवस. गौरांगरावांनी, म्हणजे आमच्या जावयानं, फुगे लावले होते. मी गेली तशी हात पुढं केले. निनाद माझ्याकडे पाहून हसला अन् यमुताईच्या खांद्यात तोंड लपवलं. सगळे हसले. मीही हसली.

मंग यमुताईनं त्याले दोन्ही हातानं डोक्याच्या वर उचललं. एकदा, दोनदा, सहादा. मी मोजलं. पोट्टं खदखदा हसून राहिलं. सोनिका म्हणे, "आई, यांच्याजवळच राहते हो तो आता." ती काही वाईट मनानं बोलली नाही. मले समजते. पण मी हातातली केकची बशी टेबलावर ठेवून दिली.

मी जळून राहिली. घ्या, लिहून टाकलं. पोटातून जळून राहिली. मले तिचा दंड पाहिजे, तिचा श्वास पाहिजे, अन् ते खांद्यात लपलेलं तोंड पाहिजे. देवाजवळ सांगायची सोय नाही म्हणून इथं लिहिते.

घरी येऊन यायले म्हटलं, पाहिलं का तुमच्या ईनबाईचं? कशी मिरवते! त म्हणतात, "अवं, नातू आहे तिचाही. एकच पोरगा तिले, नवरा गेला, घरात एकटी राहते." म्हटलं, तुम्ही कायले तिची कड घेता? नवरे कोणाचे तुम्ही?

गच्चीवर वीस फेऱ्या मारल्या. अकरा किलो केलं पाणी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कंबर धरली. चार दिवसापासून पलंगावर. डाव्या बाजूनं खाली वाकता येत नाही, शिंकता येत नाही. डॉक्टर म्हणे, काय उचललं? म्हटलं, काही नाही, गादी उचलली. सोनिका रागावली. "पाहिलं नं आई? एक गादी उचलली तरी तुझी कंबर जाते. अन् तू निनादले सांभाळते म्हणते." गुंडाचं सांगितलं त आणखी बोलली असती.

दुपारी यमुताई आली. डब्यात सत्तूचे लाडू. मले पाहायले आली की माझी हालत पाहायले, देव जाणे. पाणी प्यायले उठली त गच्चीच्या दारात तिले गुंड दिसला, पाण्यानं भरलेला, अन् बाजूले लोटा. पाहत राहिली. मंग येऊन माझ्याजवळ बसली अन् हळूच म्हणे, "शोभाताई, कुठल्या कडेवर घेत होतात?"

माझं तोंड लाल झालं. म्हटलं, "डाव्या."

"रोज डाव्याच?"

"पोरं काय उजव्या कडेवर घेतात? उजवा हात कामाले लागते."

हसली. माझ्यावरच हसली असेल. म्हणे, "दोन्हीकडून लागतं हो. मीसुद्धा आधी असंच काहीबाही केलं होतं घरी. हे गेल्यानंतर एकदा न्हाणीघरात खाली बसले ती उठताच येईना. दोन तास तशीच बसून होते. गौरांगला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी जिममध्ये नाव घातलं."

हे मले कायले सांगून राहिली ते काही समजलं नाही. मी विचारलं नव्हतं. आता ही जाऊन सोनिकाले गुंडाचं सांगेल, अन् झालं माझं कल्याण. लाडू मात्र चांगले आहेत. तीन खाल्ले.

१ डिसेंबर, सोमवार

सोनिकाचा फोन. गुंडाचं काही बोलली नाही. यमुताई विसरली असेल, नाही त योग्य वेळेसाठी ठेवलं असेल.

८ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरनं परवानगी दिली. म्हणे, हळूहळू अन् शिकवणाऱ्याच्या देखरेखीत. मी उन्नतीकडे नाव घातलं. यमुताई सकाळी सातले जाते, म्हणून मी अकराची वेळ सांगितली. उन्नती लगेच म्हणे, "अकराची जागा आहे काकू तुमच्यासाठी." बरं झालं.

पहिला धडा काय? खुर्चीवर बसायचं अन् हात न लावता उठायचं. म्हटलं, यासाठी मी ऑटोनं आली? दहादा करा म्हणे. सातव्यांदा मांड्या पेटल्या. भिंतीवर फळा आहे, त्यावर सगळ्या बायकांचे नाव अन् कोण किती उचलते ते. यमुताईचं नाव वरून तिसरं. जमिनीवरून बत्तीस किलो. माझं नाव सगळ्यात खाली, पुढं काहीच नाही. फळ्याकडे पाठ करून व्यायाम केला.

१६ डिसेंबर, मंगळवार

उन्नतीनं आज मले बाकावर झोपवलं अन् छातीवरून दांडा वर ढकलायले लावला. बारा किलो. पाचव्यांदा वर जाता जाता दिसलं की पोरीचे दोन्ही हात दांड्याखाली. मले रागच आला.

"हात काहून लावून राहिली? मी उचलून राहिली नं?"

"लावला नाही काकू. खाली ठेवला आहे. सुटलं त झेलायले."

पाहिलं त खरंच, बोटभर अंतर होतं. सहाव्यांदा दांडा सुटला, अन् तिनं झेलला. छातीवर आदळला असता. दांडा परत जागेवर ठेवला अन् म्हणे, "पाच झाले काकू, पाच चांगले आहेत." त्या वेळी बाजूच्या दोन बाया आमच्याकडे पाहून राहिल्या होत्या, त त्याहिले म्हणे, "काही नाही, मीच घेतला, बस झालं म्हटलं."

घरी येईस्तोवर ते वाक्य कानात वाजत होतं. कुठं तरी ऐकलं आहे.

३० डिसेंबर, मंगळवार

मशीनवर पुन्हा उभी राहिली. वजन सत्तेचाळीस किलो सहाशे. चरबी बत्तीस. उन्नतीनं टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा वजन वाढलं अन् कोणी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, यमुताईचं किती? आधी सांगे ना, मंग म्हणे, सव्वीस. मेली अजून पुढंच आहे.

जाता जाता उन्नती म्हणे, "यमुकाकूनंच सांगितलं होतं, शोभाताई येतील, अकराची जागा राखून ठेव, ती वेळ त्यांना बरी पडेल." म्हणजे पाळतही ठेवून राहिली माझ्यावर? मी तिले टाळून राहिली हेही तिले मालूम आहे? रागानं दोन स्टॉप पायीच चालली. दम लागला नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी लग्नातलं ब्लाऊज घालून पाहिलं. संक्रांतीच्या काळ्या साडीवर चालते ते. दंडात अडकलं! चढेच ना. चाळीस वर्षाचा माझा मान त्या बाहीत होता. मंग आरशात दंड दुमडून पाहिला. आहे. लहान आहे, लिंबाएवढी, पण आहे. यायले हाक मारली, हात लावून पाहा म्हटलं. त्याहिनं दाबून पाहिलं अन् म्हणे, "आता भांडण कमी करा लागेल मले."

बाहीची टीप उसवली अन् अर्धा इंच सोडलं.

१८ जानेवारी २०२६, रविवार

नवीन डायरी. आज निनादचं बोरन्हाण झालं. सगळं नीट लिहिते.

सोनिकाच्या बिल्डिंगखालीच अंगणात केलं, उन्हात. काळा झबला, हलव्याचे दागिने, अन् पाटाभोवती सगळ्या गल्लीतले लेकरं. यमुताईनं अन् मी दोघीनं मिळून ओंजळ धरली, बोरं, मुरमुरे, ऊस, गोळ्या. डोक्यावरून टाकलं तसे सारे लेकरं तुटून पडले. अन् आमचा हिरो पाटावरून उठला, मुकुट फेकला अन् दुडुदुडु बोरामागं पळाला. पळाला! पंधरा दिवसापासून चालून राहिला. मी हात पुढं केले त हातावर चापट मारली. यमुताईनं केले त तिलेही मारली. त्याले कोणाच्याच कडेवर राहायचं नव्हतं. आम्ही दोघी अंगणभर त्याच्यामागं.

"पाहा," मी म्हटलं, "मी याच्यासाठी तीन महिने मरून राहिली, अन् हा पायानं चालला."

यमुताई इतकी हसली की डोळ्यात पाणी आलं. म्हणे, "मी तर वर्षभर."

एक वाजता पोट्टं झोपलं, सतरंजीवरच, मुठीत बोर. वर न्यायचं होतं. गौरांगराव खुर्च्या पोचवायले गेले होते. सोनिका वरून ओरडली, "आई, तुम्ही आणता का त्याला?" ती तिच्या सासूले म्हणत होती. यमुताई उभी होती, हात रिकामे. म्हणे, "शोभाताई आणतायत गं."

झोपलेलं लेकरू किती जड असते हे ज्यानं उचललं त्यालेच मालूम. दहा किलो, पण सारं सुटलेलं. मी गुडघे वाकवून, उन्नतीनं शिकवलं तसं, उचललं. डाव्या कडेवर. एक माळा गेला. मंग उजव्या कडेवर घेतलं. दुसरा गेला. श्वास ठीक होता. वळणावर भिंतीच्या जाळीतून ऊन येते. त्या उन्हात समोरच्या भिंतीवर माझी सावली पडली, अन् पोट्ट्याची. अन् पोट्ट्याच्या खाली आणखी दोन हात. बोटभर अंतर ठेवून. माझ्यासंग एकेक पायरी वर चढून राहिलेले.

मी थांबली नाही. मागं पाहिलं नाही. त्याच वळणावर, त्याच पायरीवर, ऑक्टोबरमध्ये काय झालं होतं ते मले आठवलं. आठवलं कायले, मी विसरलीच नव्हती.

वर सोनिका दारात. "आई! तू आणला? सगळा जिना?" मंग यमुताईकडे पाहिलं. यमुताई म्हणाल्या, "मी नुसती मागे होते."

निनादले पलंगावर टाकलं. सोनिका मले आत घेऊन गेली अन् सांगितलं की ठरलं आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार मी. गुरुवार, शुक्रवार त्या. मी म्हटलं, मले तीन अन् तिले दोन, असं कसं? त म्हणे, "त्यांनीच वाटून दिलं. तुझी कंबर धरली तेव्हा मी त्यांनाच पाचही दिवस विचारलं होतं, आई. त्या नाही म्हणाल्या. म्हणे, संक्रांतीपर्यंत थांब, शोभाताई तयारी करतायत."

"अन् जिन्यावरचं काही सांगितलं का तुले? ऑक्टोबरमधलं?"

"जिन्यावरचं काय?"

तिले खरंच काही मालूम नव्हतं. तीन महिने. गुंडाचंही नाही, जिन्याचंही नाही.

मी सांगितलं. तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. सोनिकाचा चेहरा पांढरा पडला. मंग तिनं माझा दंड धरला अन् किती तरी वेळ सोडला नाही. "तरी तीन दिवस?" मी विचारलं. ती म्हणे, "तरी तीन दिवस."

बाहेर आली त यमुताई सोफ्यावर बसून बोरं निवडत होत्या. म्हटलं, "फळ्यावर आता माझं नाव खालून चौथं आहे."

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "रोज पाहते."

घरी आली अन् आधी कपाटातून मागच्या सालची डायरी काढली. पहिलं पान. "पोट्टं जराकसं सरकलं" लिहिलं होतं. "जराकसं सरकलं" खोडलं अन् वर लिहिलं, "सुटलं." मंग पहिली ओळ. "हिसकलं" खोडलं. वर लिहिलं, "झेललं."

पेन वेगळा आहे, शाई वेगळी दिसून राहिली. दिसू दे.